‘कूल ऑफ’ म्हणजे कामावरून काढलं का? वाचकांचे प्रश्न, मॅडमची उत्तरं

या महिन्यात इंग्रजीच्या ग्रामरचे नेहमीचे प्रश्न होतेच, पण चार पत्रं अशी निघाली की चौघांनाही वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट अडलीय. डोकं तापल्यावर, रडू आल्यावर माणूस शांत होतो त्याला इंग्रजीत काय म्हणतात आणि कुणी आपल्याला तसं म्हटलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा. बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते, या वेळी ही चारच. पत्रं थोडी लहान केलीत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, गाव पैठण तालुक्यातलं. गेल्या महिन्यात रिजेक्शनवरून माझं आणि क्वालिटीवाल्याचं लई जोरात वाजलं, शिव्या नाही दिल्या पण आवाज सगळ्या शॉपभर गेला. संध्याकाळी एचआरचा मेल आला, ‘प्लीज टेक टुमॉरो टू कूल ऑफ, वी विल टॉक ऑन मंडे’. मित्र म्हणला ऑफ म्हणजे बंद, तुझं काम बंद केलं त्यांनी, गोड शब्दात सस्पेंड केलंय. सोमवारी बोलणं झालं, कामावर पण हाय मी, पण तो मेल काही डोक्यातून जाईना. घरचे अजून विचारायलेत नेमकं काय लिहिलं होतं म्हणून. त्यांनी माझा अपमान केला का? आणि मी रिप्लायच दिला नाही, काय द्यायला पाहिजे होता?

उत्तर: दादा, आधी जिवाला लागलेला घोर काढून टाका, त्या मेलमध्ये सस्पेंड केल्याचं काहीच नाही. सस्पेन्शनचं पत्र असतं तर त्यात तो शब्द सरळ लिहिलेला असता, कुठल्या तारखेपासून ते असतं, चौकशीचा उल्लेख असता, आणि ‘सोमवारी बोलू’ असं साधं वाक्य तिथं आलंच नसतं.

मित्राचं ‘ऑफ म्हणजे बंद’ हे पंख्याच्या बटणापुरतं बरोबर आहे. पण इंग्रजीत क्रियापदाच्या मागं ऑफ, डाऊन, ओव्हर, आउट असले छोटे शब्द लागले की दोघांचा मिळून नवाच अर्थ होतो, त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आणि तो अर्थ सुटे शब्द जोडून काढता येतोच असं नाही. ‘कूल ऑफ’मधला ऑफ म्हणजे हळूहळू उतरून जाणं. गोळीचा असर उतरतो त्याला ‘वेअर ऑफ’ म्हणतात, तिथला ऑफ हाच. मुळात कूल ऑफ हे अंगाच्या उष्णतेबद्दलच वापरतात, मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की पोरं विहिरीत उड्या मारतात ना, ‘द बॉइज जम्प्ड इन द वेल टू कूल ऑफ’, झालं. तेच पुढं रागाला लागलं. आपणही राग चढला, राग उतरला, डोकं निवलं असंच म्हणतो, त्यामुळं हा अर्थ आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

आता अपमानाचं. ‘कूल ऑफ!’ असं कुणी भर भांडणात तोंडावर म्हणलं तर ते टोचतं, ‘गप बस जरा’ म्हणल्यासारखं लागतं. पण तुमच्या मेलमध्ये ‘टू कूल ऑफ’ आहे, हुकूम नाही. उद्याचा दिवस घ्या, कशासाठी तर डोकं शांत व्हावं म्हणून. त्यांनी तुम्हाला वेळ दिला. माझं मत विचाराल तर वाक्य चांगलं होतं, फक्त तो दिवस भरपगारी आहे की रजेत धरणार हे त्याच मेलमध्ये लिहायला पाहिजे होतं, ते लिहिलं नाही म्हणून घरात एवढे तर्क निघाले. ते अजूनही विचारून घ्या, ‘वॉज दॅट फ्रायडे मार्क्ड ॲज लीव्ह?’ एवढं विचारण्यात काहीच गैर नाही. आणि तेव्हा रिप्लाय द्यायचा तर एवढा पुरला असता, ‘थँक यू, आय विल टेक द डे अँड सी यू ऑन मंडे’. ‘आय ॲम ऑलरेडी कूल’ असलं काही लिहू नका, तिथं कूलचा अर्थ भलतीकडं जातो, मला काही फरक पडत नाही असा पण होतो.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या पत्रात ती मला दिसली. एक दिवस मिळाला पण डोकं निवलं नाही, महिना झाला तरी मेल डोक्यात आहे. राग येतो तेव्हा अंगात ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय तयार होतात, आणि हे भांडण संपल्या संपल्या उतरत नाही, त्याला वेळ लागतो. अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, ते सांगतात की डोकं तापलं की बोलणं थांबवा आणि कमीत कमी २० मिनिटं तरी बाजूला व्हा, आणि त्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसू नका. ही दुसरी अट जास्त अवघड आहे. ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या निबंधावर वाईट शेरा देऊन चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले, त्यातल्या काहींना सांगितलं की ज्यानं शेरा दिला त्याचा चेहरा मनात आणा. आपल्याला वाटतं मनातली सगळी वाफ काढली की मोकळं वाटेल, पण चेहरा मनात आणून गुद्दे मारणारेच शेवटी सगळ्यात जास्त रागात होते आणि जे नुसते गप बसले होते ते जास्त शांत निघाले. २०२४ मध्ये त्यांनीच सोफी शेर्विक यांच्यासोबत १५४ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसं होती त्यात, तरी निष्कर्ष तोच आला. श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं असल्या अंग थंड करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, नुसतं धावून किंवा आदळआपट करून होत नाही.

आता तुमच्या शुक्रवारी काय झालं असेल ते मी अंदाजानं सांगते. सकाळी घरचे विचारले, दुपारी भाऊजींचा फोन, संध्याकाळी पारावर मित्र, आणि दरवेळी तुम्ही रिजेक्शनच्या पहिल्या पीसपासून सगळं परत सांगितलं, तो काय म्हणला, मी काय म्हणलो. मायेपोटीच विचारतात सगळे, पण प्रत्येक वेळी भांडण नव्यानं होतं आणि छाती परत धडधडते. कूल ऑफ व्हायला दिलेला दिवस असा गेला तर तो उपयोगाचा राहत नाही. इथून पुढं घरच्यांना एकदाच नीट सांगा की मेलचा अर्थ ‘एक दिवस शांत व्हा, मग बोलू’ एवढाच होता आणि बोलणं झालं. आणि क्वालिटीवाल्याशी अजून बोलणं बंद असेल तर चहाच्या वेळी तुम्हीच जा, पंधरा दिवस आधीच जायला पाहिजे होतं खरं तर.

प्रश्न: मॅडम, मी निलंग्याची, पण लेकीच्या नीटसाठी दीड वर्ष झालं लातूरला खोली करून राहिले, मिस्टर गावाकडं शेती बघतात. लेक टेस्टहून येते ते बूट पण काढत नाही, तशीच पलंगावर बसते, आन्सर की काढून मोबाइलवर मार्क मोजते आणि रडती, कधी पेपरच चुरगाळून फेकती. मी रील्समध्ये ऐकलं होतं म्हणून म्हणलं, बेटा काम डाऊन. तर अजूनच भडकली, मम्मी तू ते म्हणू नको मला. माझं इंग्लिश चुकलं का? शेजारची बाई म्हणती कॅल्म म्हणायचं असतं, काम नाही. मी दहावी शिकलेली आहे. काय म्हणावं तिला अशा वेळी?

उत्तर: ताई, इंग्रजी तुमचं अगदी बरोबर आहे आणि उच्चार पण. त्या शब्दातला एल लिहायचा पण बोलायचा नाही, ‘काम’च म्हणायचं, वॉक, टॉक, हाफ, पाम यातला एल जसा गप असतो तसाच. गंमत बघा, हा शब्द ज्या जुन्या ग्रीक शब्दावरून आला असं मानतात त्याचा अर्थ शांतता नाही, कडक ऊन असा होता, भर दुपारचं ऊन की ज्यात सगळं कामकाज थांबतं. एप्रिल-मेमध्ये लातूरच्या गंजगोलाईत दुपारी दोनला जाऊन बघितलं तर हा अर्थ कुणालाही पटेल.

चुकलं ते इंग्रजी नाही, वेळ चुकली. रडणाऱ्या किंवा तापलेल्या माणसाला ‘काम डाऊन’ म्हणलं की त्याला ऐकू येतं की तुझं रडणं चूक आहे, बंद कर. इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरी पण आईला हेच म्हणतात, डोंट टेल मी टू काम डाऊन, त्यामुळं तुमच्या लेकीनं काही उर्मटपणा केला असं मला वाटत नाही. हे क्रियापद हुकूम म्हणून वापरलं की उलटं लागतं, दुसऱ्याबद्दल सांगताना मात्र छान आहे, ‘शी टुक अ व्हाइल टू काम डाऊन’, तिला शांत व्हायला जरा वेळ लागला. आणि ‘कूल ऑफ’ तर तिच्यासाठी मुळीच वापरू नका, ते जास्त करून रागाला लागतं, ‘काम डाऊन’ मात्र राग, भीती, रडू, घाबरणं, सगळ्याला चालतं.

मग म्हणायचं काय, तर मला विचाराल तर इंग्रजीत काही म्हणूच नका. ‘आधी पाणी पी, मग सांग’ एवढं बास. किंवा काहीच न बोलता पाण्याचा तांब्या जवळ ठेवून तिच्याशेजारी बसा. मार्क किती आले हे तिनं सांगेपर्यंत विचारू नका, आणि हे तुम्हाला अवघड जाणार मला माहितीय, दीड वर्ष खोलीचं भाडं, डबा, क्लासची फी, मिस्टर तिकडं एकटे, सगळं त्या एका आकड्यात अडकलेलं असतं, आईला आकडा विचारावासा वाटणारच. पण ती दारात आली तेव्हा तिच्या डोक्यात आधीच १८० प्रश्न आणि ७२० मार्कांचा हिशोब चालू असतो, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक मार्क कापला जातो तो पण ती मोजत असते. तिचं अंग अजून परीक्षेतच आहे.

श्वासाचं तेवढं सांगते कारण ते खरंच उपयोगी पडतं. श्वास आत घेताना छातीचे ठोके जरा वाढतात आणि बाहेर सोडताना कमी होतात, मेंदूतून हृदयाकडं जाणारी व्हेगस नावाची नस आहे ती हे काम करते. म्हणून बाहेर सोडायचा श्वास लांब पाहिजे, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं चार-पाच मिनिटं. पण ‘श्वास घे’ असं तिला सांगाल तर तेही काम डाऊनसारखंच लागेल. तुम्हीच शेजारी बसून करा, मनात मोजत, तिला वाटलं तर ती करेल. नाही केलं तरी तुमचं डोकं तर शांत राहील आणि खोलीत एक जण शांत असला की दुसऱ्याला बरं पडतं.

आणि ताई, हे रडणं टेस्टच्या दिवसापुरतं असेल तर ठीक. पण झोप लागेना, जेवण जाईना, मैत्रिणींशी बोलणं सुटलं, जगण्यात काही राम नाही असलं काही ती बोलली, तर टेस्ट सिरीजचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडं न्या, आणि त्याच दिवशी टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, रात्री पण चालू असते. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. लातूरला खोली करून राहिलेल्या आयांसाठी तर हा नंबर मी मुद्दाम लिहितेय, दिवसभर त्या चार भिंतीत तुम्ही पण तेवढाच ताण सोसायलात आणि तुम्हाला कुणी विचारत नाही.

प्रश्न: मी जालन्याहून लिहितोय. ताईचं आणि भाऊजींचं जमेना, दोघंही वेगळं व्हायला तयार आहेत, भांडणतंटा नाही. वकील साहेब म्हणाले कूलिंग ऑफ पिरियड आहे, थांबावं लागेल. घरात वडील म्हणतात वकील पैसे काढायला लांबवायलेत. हा कूलिंग ऑफ पिरियड म्हणजे काय भानगड, आणि इंग्लिशच्या पुस्तकातला कूल ऑफ तो हाच का?

उत्तर: हो, तोच. आणि वकील साहेब लांबवायलेत असं यावरून तरी म्हणता येत नाही, हे कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात १९७६ मध्ये कलम १३ ब आलं, परस्पर संमतीनं घटस्फोटाचं. दोघं कमीत कमी एक वर्ष वेगळे राहिलेले पाहिजेत, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि अर्जानंतर सहा महिन्यांच्या आधी आणि अठरा महिन्यांच्या नंतर नाही अशा वेळेत परत कोर्टापुढं येऊन सांगायचं की आमचा निर्णय कायम आहे. मधले सहा महिने म्हणजे कूलिंग ऑफ, रागाच्या भरात संसार मोडला जाऊ नये म्हणून दिलेली मुदत.

पण वडिलांना हेही सांगा की २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की हे सहा महिने प्रत्येक केसमध्ये सक्तीचे नाहीत. आधीच दीड वर्ष वेगळे राहून झालंय, समेटाचे प्रयत्न करून थकलेत, पोटगी आणि मुलांचा ताबा असं सगळं ठरलंय, थांबून फक्त त्रासच वाढणार, असं कोर्टाला पटलं तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. त्यासाठी पहिल्या अर्जानंतर आठवड्यानं वेगळा अर्ज देता येतो. ताईच्या बाबतीत हे बसतं का ते वकील साहेबांनाच सरळ विचारा, आणि विचारताना ताईला सोबत न्या, तिच्या आयुष्याचं आहे ते, मुदत पाहिजे का नको हे तिनं सांगावं. काही जणींना हे सहा महिने खरंच लागतात.

असा वेळ कायदा इतर ठिकाणी पण देतो. विम्याची पॉलिसी एजंटच्या बोलण्यात येऊन घेतली आणि घरी येऊन वाचल्यावर नको वाटली तर हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आपल्याकडं त्याला फ्री लूक पिरियड म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला १४ दिवस, अमेरिकेत दारावर येऊन विकलेल्या मालाला कामाचे तीन दिवस, तिथं या नियमाचं नावच कूलिंग ऑफ रूल आहे.

प्रश्न: मॅडम मी नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. कूल डाऊन, काम डाऊन, सेटल डाऊन, सिमर डाऊन, वाइंड डाऊन, डाय डाऊन, ब्लो ओव्हर, सगळ्याचा अर्थ डिक्शनरीत शांत होणं असाच दिसायलाय, मग ऑप्शनमधून निवडायचं कसं? मी सगळे पाठ केले तरी मार्क जायलेत.

उत्तर: बाळा, पाठ करू नको, आधी हे बघ की शांत कोण होतंय, माणूस का प्रकरण. इथंच निम्मे ऑप्शन उडतात. प्रकरण, वादळ, आरडाओरड असेल तर माणसाचं क्रियापद सहसा लागत नाही. मोर्चाचा गोंगाट हळूहळू कमी झाला, ‘द नॉइज डाइड डाऊन’. गावात भावकीचा वाद झाला, चार दिवसांनी आपोआप निवळला, ‘इट ब्लू ओव्हर’, वादळ डोक्यावरून पुढं निघून जावं तसं, कुणी मिटवलं नाही, आपोआपच गेलं. हे दोन्ही माणसाला कधीच लावू नको, ‘ही डाइड डाऊन’ असं लिहिलंस तर पेपर तपासणारा दचकेल.

माणूस असेल तर कशातून शांत होतोय ते बघ. कूल डाऊन आणि कूल ऑफ जवळजवळ सारखेच, रागासाठी कुठलंही चालतं, फक्त व्यायामानंतर अंग सैल करायला आणि इंजिन थंड व्हायला कूल डाऊन जास्त वापरतात, आणि सोयाबीनचे चढलेले भाव जरा खाली आले तर पेपरवाले ‘प्राइसेस कूल्ड ऑफ’ लिहितात. सेटल डाऊन वर्गात गोंधळ करणाऱ्या पोरांना म्हणतात, पण त्याचा दुसरा अर्थ लग्न करून स्थिर होणं, आपल्याकडं ‘पोरगं सेटल झालं का’ विचारतात ते त्यातूनच आलंय, म्हणून वाक्यात नोकरी, घर, बायको दिसलं की हाच ऑप्शन. वाइंड डाऊनचा उच्चार विंड नाही, वाइंड, दिवसभराच्या कामानंतर सैल होणं, त्यात राग असायची गरज नाही. सिमर डाऊन चुलीवरून आलंय, येसराची आमटी खळखळ उकळायला लागली की आपण आच कमी करतो आणि ती बारीक रटरटत राहते, त्या रटरटण्याला सिमर म्हणतात. हे बोलण्यातलं आहे, मोठ्यांनी लहानांना म्हणायचं, साहेबांना किंवा लेखी अर्जात कधी वापरायचं नाही.

शेवटचं, यावर हमखास प्रश्न येतो. काम डाऊनमध्ये मध्ये माणूस घालता येतो. नाव असेल तर दोन्हीकडं चालतं, ‘काम द चाइल्ड डाऊन’ किंवा ‘काम डाऊन द चाइल्ड’. पण हिम, हर, देम असलं सर्वनाम असेल तर ते मध्येच आलं पाहिजे, ‘काम हिम डाऊन’ बरोबर, ‘काम डाऊन हिम’ चूक. सिमर डाऊन, डाय डाऊन आणि ब्लो ओव्हर या अर्थानं वापरताना मध्ये काही घालायचं नाही. मागच्या पेपरांतले दहा-बारा प्रश्न या नजरेनं परत सोडव आणि जे चुकतील ते ऑप्शनसकट लिहून पाठव, पुढच्या अंकात घेते.